करडा दात

“…मग धुनीची राख तुमच्याच दातांना कशी लागू पडते, बुवा? माझ्या का नाही?”

अंबादास उपरण्याचं टोक तोंडापुढं धरूनच बोलत होता. कॉलेज सोडून नागझरीच्या मठात चिमणबुवांकडे कीर्तन शिकायला आला, तेव्हापासून ते टोक तिथून हललं नव्हतं.

पुढचा एक दात करडा पडला होता. बापानं एकदा थोबाडीत मारली, दात आतल्या आत मेला. पुढं रूट कॅनाल झालं, ठणका थांबला. रंग मात्र उतरतच गेला. बापाला ती थोबाडीत आठवतही नाही.

मठातली वडीलधारी मंडळी सल्ला द्यायला सदा मोकळी. दात त्यांचा नव्हता. एक म्हणाला, देहाचे चोचले सोड. दुसरा म्हणाला, चिमणबुवांचे दात बघ. वय ऐंशीच्या घरात आणि मोगऱ्याच्या कळ्या. सगळा धुनीचा प्रताप.

येणारा जो तो राखेची पुडी बांधून न्यायचा. अंबादासनंही रोज घासली. हिरड्या सोलल्या, गार पाणी सोसेना. दात करडा तो करडाच.

“परवाचं उत्सवाचं कीर्तन मला नको,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला उभं करा. एवढ्या लोकांपुढं हे तोंड मी उघडणार नाही.”



चिमणबुवांनी तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली आणि अंबादासच्या हातावर ठेवली.

ओली. कोमट. कळ्याच कळ्या.

बुवांचा ओठ आत गेला. तेजबिज कुठल्या कुठं. समोर एक बोळका म्हातारा बसला होता.

अंबादासचं उपरणं कधी गळून पडलं, त्याला कळलंच नाही.

“तालुक्याला करून घेतली,” बुवा बोळक्या तोंडानं म्हणाले. “अभंग म्हणायला गेलं की नुसता वारा यायचा.”

“आणि लोक राख घासतात ते? मी घासली ते?”

“कुणी विचारलं नाही.”

“विचारायला कशाला हवं? दिसत होतं की तुम्हाला. ही सरळ लबाडी आहे, बुवा.”

म्हाताऱ्यानं नजर चुकवली नाही.

“आहे… आज आरतीनंतर सगळ्यांना काढून दाखवतो.”

अंबादासला हसू यायला लागलं. ते त्यानं रागानं दाबलं.

“दातांच्या डॉक्टरला रंगाचं दाखवलं होतंस ना? काय म्हणाली?” बुवांनी विचारलं.

“डाग आत आहे म्हणाल्या. वरून घासून जायचा नाही. दाताला मागून बारीक भोक पाडायचं, आत औषध भरून बुजवायचं. आठवड्यानं बघायचं, लागलं तर पुन्हा भरायचं. उजळेल म्हणाल्या.”

“मग गेला का नाहीस?”

“चोचले ना.”

बुवांनी कवळी परत घेतली, तांब्यातल्या पाण्यानं धुतली आणि बसवली.

“उद्या जा.”

“उद्या जाऊन काय होणार? परवा दात असाच असेल. उजळेपर्यंत दिवस जाणार.”

“तोवर तोंड मिटून ठेवायला सांगितलंय का त्यांनी?”