गादी दमली तेव्हा

बुटांना बोलता यायचं, त्या काळची ही गोष्ट. हेमांगीताईंच्या धावायच्या बुटाला खाली टणक सोल होता आणि आत मऊ गादी. सोल गादीला सारखा टोचून बोलायचा, "दगडधोंडे मी झेलतो आणि तू नुसती वर लोळतेस!" गादीला वाईट वाटायचं, तरी ती आपलं काम करत राहायची. प्रत्येक पावलाला दबायची आणि पुन्हा फुगून वर यायची.

वर्षभर घाटरस्ता तुडवल्यावर मात्र तिला पूर्वीसारखं फुगता येईना. एका सकाळी उतारावर हेमांगीताई कळवळल्या, "आई गं, गुडघा!"

सोल घाबरला. "मी तर अजून शाबूत आहे. मग यांना दुखलं कसं?"

गादी कशीबशी म्हणाली, "रोजचा दणका मी वर जाऊ देत नव्हते. आज अडवता आला नाही रे."

लंगडत घरी आल्यावर हेमांगीताईंनी बुटात अंगठा दाबून पाहिला. "दमलीस होय गं? बास झालं आता धावणं. आजपासून आपण फक्त बागेला पाणी घालायचं."

दोन्ही बूट त्यांनी ओसरीवरच्या उन्हात ठेवले. तेव्हा सोल हळूच म्हणाला, "निवांत टेक माझ्यावर. मी आहे खाली."