झडपेवरचं बूच

सकाळचे सहा. घाटमाथ्यावरच्या एका तळ्याकाठी एक कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, उभी होती. आत सहा पाहुणे, बाहेर कडाक्याची थंडी. गाडीचा मालक विश्वंभर फडतरे. गाडी चालवणं, रांधणं आणि आंघोळीचं पाणी तापवणं हे सगळं त्याच्या धाकट्या भावाकडे, नरहरीकडे.

पाणी तापवायची टाकी गाडीच्या एका कुशीला होती. तिला खालून गॅसची ज्योत, आतून विजेची कॉइल. मुक्कामाला वीज मिळाली की वीज, रानात गॅस, घाई असली की दोन्ही. पाणी फार तापून दाब वाढला, तर बाजूच्या झडपेतून ते ठिबकायचं. टाकी फुटू नये म्हणूनच ती झडप. गाडी घेताना दोघा भावांना हे समजावून सांगितलेलं होतं.

पण आदल्या संध्याकाळी एक पाहुणा हसला होता. "काका, तुमच्या गाडीला सर्दी झालीय का? नाक गळतंय!"

विश्वंभरला ते झोंबलं. त्याने झडपेच्या तोंडावर बूच आवळलं.

"दादा, ती गळत नाही. दाब सोडतेय," नरहरी म्हणाला.

"मग तिला सांग, चारचौघांत सोडू नको."

"आणि उद्या काही झालं तर?"

"गाडी कुणाच्या नावावर आहे रे?"

'मग मी पेटवणार नाही' हे वाक्य नरहरीच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. थोरल्याचा शब्द मोडायची सवय नव्हती.

सकाळी सगळ्यांनाच एकदम आंघोळ हवी होती. तळ्याकाठच्या मुक्कामावर वीज होती, म्हणून नरहरीने गॅस आणि वीज दोन्ही लावली. पाणी तापलं की ज्योत आपोआप विझते. त्या दिवशी ती सोय बिघडली आणि ज्योत विझली नाही. दाब वाढत गेला आणि त्याची वाट बंद होती. टाकी फुटली तेव्हा नरहरी बादली घेऊन तिच्यासमोरच उभा होता.

पाहुणे बचावले. नरहरीचे दोन्ही हात आणि अर्धा चेहरा भाजला. इस्पितळाच्या दारात विश्वंभर लोकांना सांगत होता, "धाकटा पहिल्यापासून हलगर्जी!" आत नरहरीला ते ऐकू येत होतं. आता त्याला बोलायचं होतं, पण ओठ हलत नव्हते.

पुढच्या हंगामात विश्वंभरने दुसरी कॅरव्हॅन आणली. तिच्याही झडपेवर बूच आहे. सरकारी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ते पाहिलं आणि तरीही गाडी सोडली. का सोडली, याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

तात्पर्य: धोक्याची खूण झाकली म्हणून धोका टळत नाही, आणि ती झाकताना पाहून जो गप्प बसतो, भाजतो तोच, झाकणारा नव्हे.