अळू आणि उरलेला हिरवा रंग

रंगांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. द्वारकाकाकूंची दारं रंगवून झाली आणि डब्यात वाटीभर हिरवा रंग उरला. बसून बसून तो कंटाळला. "मोरीत उडी मारतो आणि जग बघून येतो," असं ब्रशला सांगून तो डब्यासकट कलंडू लागला.

तोच परसातून अळू ओरडलं, "अरे बाबा, थांब! मोरीचं पाणी माझ्याच मुळाशी येतं. उद्या माझ्या वड्या व्हायच्यात."

"मग तुला आणखी हिरवं करतो की!"

"मी आहे तेवढं हिरवं पुरे. तू आलास तर माणसांच्या पोटात जाशील!"

रंग चपापला. ब्रश म्हणाला, "जगच बघायचंय ना? मग गंजक्या फाटकावर चल."

दुसऱ्या दिवशी सगळाच्या सगळा रंग फाटकावर बसून येणारे-जाणारे बघत होता. घरातून अळूवड्यांचा खमंग वास आला, तसा तो हळूच फाटकाला म्हणाला, "बरं झालं, त्यात मी नाही!"