परका प्रिंटर आणि दस्तलेखकाचा अर्ज

एका तालुक्याच्या गावी कचेरीसमोर सहा गाळ्यांची ओळ होती. त्यातल्या दुसऱ्या गाळ्यात विश्राम सोनटक्के हा दस्तलेखक बसत असे. खरेदीखत असो, वाटणीपत्र असो की मृत्युपत्र, विश्रामने लिहिलेल्या कागदात कचेरीला कधी खोट सापडली नव्हती. त्याचे तक्रारअर्ज तर असे झणझणीत असत की ज्याच्याविरुद्ध अर्ज असे, तो नुसता वाचूनच गार पडे. विश्रामला याचा अभिमान होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

त्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही कार्यप्रणाली होती. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या ढवळेबाईंनी ती बसवून दिली होती आणि चार वर्षांत तिने काही त्रास दिला नव्हता. शेजारच्या तिसऱ्या गाळ्यात निर्मला पाखरे लग्नपत्रिका छापत असे. नवरा गेल्यावर तिने हे काम हिमतीने उभे केले होते. गिऱ्हाइके मजकूर इंटरनेटवरून पाठवत, ती नमुना पाठवी, पसंत पडला की छापी. सहाही गाळ्यांनी मिळून एकच इंटरनेट घेतले होते आणि निर्मलाचे पोट त्यावरच चालत होते.

तुळशीचे लग्न झाले आणि लग्नसराई सुरू झाली. निर्मलाने एक नवा रंगीत प्रिंटर आणला. दुसऱ्याच दिवशी विश्रामच्या कॉम्प्युटरवर, प्रिंटरांच्या यादीत, त्याच्या स्वतःच्या प्रिंटरच्याही वर एक नवे नाव येऊन बसले होते: ‘पाखरे रंगीत’.

विश्रामने ते काढून टाकले. सकाळी ते पुन्हा हजर. पुन्हा काढले, पुन्हा आले. आठवडाभर हेच चालले. कॉम्प्युटर सुरू करायचा, देवाच्या तसबिरीला उदबत्ती लावायची, पाखरे रंगीत काढायचा आणि मग पहिले काम हातात घ्यायचे, असा त्याचा क्रमच होऊन बसला. शेजारी जाऊन एका शब्दाने विचारावे, हे काही त्याला सुचले नाही. ज्याचा जन्म लोकांचे अर्ज लिहिण्यात गेला, तो तोंडाने कशाला विचारील?

एके दिवशी घाईत काढून टाकायचे राहिले. त्या दिवशी आबा डोईफोडे मृत्युपत्र करायला आले होते. आबांनी अर्धी जमीन मुलीच्या नावे केली होती. मुलांना याचा पत्ता नव्हता आणि दोघेही मुलगे बाहेर चहाच्या टपरीवर उभे होते. विश्रामने मजकूर पूर्ण केला आणि सवयीप्रमाणे यादीतले पहिले नाव न वाचता बटण दाबले. प्रिंटर ढिम्म हलला नाही. विश्राम त्याचे झाकण उघडून कागद अडकला का ते पाहत असतानाच दारात निर्मला आली. तिच्या हातात लग्नपत्रिकेचे बंद पाकीट होते.

“विश्रामभाऊ, हे माझ्या प्रिंटरमधून निघालं,” ती म्हणाली. “वर ‘मृत्युपत्र’ दिसलं, तेव्हा पुढचं वाचलं नाही.”

कागद त्या टपरीपर्यंत पोहोचला असता, तर आबांच्या घरात डोकी फुटली असती आणि विश्रामच्या गाळ्याची पायरी पुन्हा कुणी चढले नसते. तो घाबरला, आणि घाबरल्याचे त्याला कबूल करायचे नव्हते, म्हणून तो चिडला. त्याने निर्मलाचे आभारही मानले नाहीत. हिनेच आपला प्रिंटर माझ्या कॉम्प्युटरात घुसवला, माझे कागद वाचायला घुसवला, असे त्याने मनाशी ठरवून टाकले.

दुपारी त्याने गाळेधारक मंडळाकडे अर्ज लिहिला. आयुष्यात लिहिला नव्हता इतका सुरेख अर्ज. त्यात ‘हेतुपुरस्सर’ होते, ‘बेकायदेशीरपणे’ होते, ‘अर्जदाराच्या यंत्रात वारंवार घुसखोरी’ होती. शेवटी मागणी होती: गाळा क्रमांक तीनचे इंटरनेट कायमचे तोडावे. शनिवारी पाच वाजता बैठक ठरली.

अर्जाची प्रत मिळाली तशी निर्मला त्याच्या दारात आली.

“मला आधी बोलला असता तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “नेट गेलं तर ऐन सराईत गाळा बंद करावा लागेल मला.”

“काय सांगायचं ते बैठकीत सांगा,” विश्राम म्हणाला आणि त्याने मान खाली घालून टायपिंग सुरू केले.

शनिवारी सकाळी त्याने कॉम्प्युटर सुरू केला. यादीत आज दोन परके होते. ‘पाखरे रंगीत’ होताच, त्याच्या खाली ‘कोठारी दंत’ असे एक नाव होते. सहाव्या गाळ्यात कुणी दाताचे डॉक्टर येणार असल्याचे विश्रामने ऐकले होते. त्यांची पाटीसुद्धा अजून लागली नव्हती.

विश्राम खुर्चीत मागे टेकला. ज्या माणसाने आपले तोंड पाहिलेले नाही, तो आपले कागद चोरायला कशाला येईल? दुसऱ्याच्या दाव्यातले असे भोक त्याला लांबून दिसत असे. स्वतःच्या दाव्यातले दिसायला आठवडा लागला होता. त्याने ढवळेबाईंना फोन लावला.

“बाई, परके प्रिंटर माझ्या कॉम्प्युटरात घुसतात. काढले की परत येतात.”

“ते कशाला घुसतील? प्रिंटर सुरू झाला की नेटवर्कवर आपलं नाव पुकारतो, तेवढंच त्याचं काम. ते ऐकून तुमच्या यादीत लिहून घेणारा तुमच्याच कॉम्प्युटरात बसलाय. कप्स-ब्राउज्ड म्हणतात त्याला. तुम्ही यादी पुसता, तो परत लिहितो.”

“म्हणजे पाखरेबाईंनी काहीच केलं नाही?”

“त्यांनी स्वतःचा प्रिंटर चालू केला, सोनटक्के.”

बाईंनी फोनवरच दोन हुकूम सांगितले. विश्रामने ते अक्षर न् अक्षर ताडून टाइप केले. पहिल्याने तो लिहून घेणारा थांबला. दुसऱ्याने तो पुढच्या वेळी आपोआप उठणार नाही अशी सोय झाली. “नुसता थांबवून ठेवलात तर उद्या सकाळी परत कामाला लागेल,” बाई म्हणाल्या. मग विश्रामने दोन्ही परकी नावे काढली. त्याचा स्वतःचा प्रिंटर वायरने जोडलेला होता, त्याला काही झाले नाही. त्याने कॉम्प्युटर दोनदा बंद करून सुरू केला. यादीत एकच नाव राहिले होते.

विश्रामला फार बरे वाटले. ते पाच मिनिटे टिकले.

मग त्याच्या मनात आले, की हे कुणालाच ठाऊक नाही. सहा गाळ्यांत लिनक्स जाणणारा दुसरा माणूस नाही. आज गप्प बसलो, तर मंडळ पाखरेबाईंचे नेट तोडेल, परके प्रिंटर तसेही दिसणार नाहीत आणि सोनटक्क्यांचा अर्ज कधी खोटा निघत नाही, असे लोक म्हणतील. हे त्याला फार सोयीचे वाटले. सोयीचे वाटले याची त्याला लाजही वाटली.

पाच वाजता मंडळ मेहेर शेठच्या हार्डवेअरच्या दुकानात, पाइपांच्या ढिगाशेजारी बसले. मेहेर शेठ मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी अर्ज मोठ्याने वाचला आणि चष्मा काढला.

“विश्रामभाऊंनी लिहिलंय म्हणजे शंकाच नाही. पाखरेबाई, तुमचा लेखी जबाब आणलाय?”

निर्मलाने मान हलवून नाही म्हटले. गावात असा कागद लिहून देणारा एकच माणूस होता आणि तो तिच्यासमोर बसला होता.

विश्रामने खिशातून पेन काढले. मेहेर शेठकडून एक कोरा कागद मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि लिहायला लागला. सगळे बघत राहिले. लिहून झाल्यावर तो उभा राहिला आणि त्याने खणखणीत आवाजात वाचले:

“जबाब देणार, निर्मला पाखरे. अर्जदार विश्राम सोनटक्के यांचे सर्व आरोप खोटे आहेत. परके प्रिंटर अर्जदाराच्या स्वतःच्याच कॉम्प्युटरने आत घेतले. त्यांच्या पक्षकाराचा गुप्त कागद त्यांनी स्वतः, नाव न वाचता बटण दाबून, बाहेर पाठवला. मी तो न वाचता पाकिटात घालून परत दिला. त्याबद्दल अर्जदाराने माझे आभार मानले नाहीत. सबब अर्ज फेटाळावा आणि अर्जदाराने सर्वांसमोर माझी माफी मागावी.”

विश्रामने हात जोडले. “पाखरेबाई, चुकलो. माफ करा. आणि ज्यांचा तो कागद होता, त्यांना काय झालं ते मी इथून उठून सांगायला जाणार आहे.”

मग त्याने कागद आणि पेन निर्मलापुढे धरले. “सही करा.”

निर्मलाने कागद घेतला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो सावकाश वाचला आणि मगच सही केली.

तात्पर्य: नको असलेली गोष्ट रोज काढूनही रोज परत येत असेल, तर शेजाऱ्यावर बोट ठेवण्याआधी तिला आत घेणारे आपल्याच घरात कोण आहे ते शोधावे, आणि चूक आपली निघाली, तर आरोप केला होता तेवढ्याच मोठ्या आवाजात ती कबूल करावी.