गोमायची खांड

फार आधीची गोष्ट. किती आधीची ते विचारू नका, कारण खारतिवऱ्यात दोन म्हातारे बसले की त्याची तीन उत्तरं निघतात. जरा सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे. आणि मधे बोलायचं नाही. तुम्ही मधे बोललात की मी गोंधळते, आणि ही गोष्ट मुळातच गोंधळाची आहे.

खारतिवरे हे खाडीकाठचं गाव. एका अंगाला तिवरांचं रान आणि खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि दोघांच्या मधे मातीचा लांबच लांब बांध. बांध आहे म्हणून भात आहे. बांध फुटून खारं पाणी आत घुसलं की त्याला खांड पडली म्हणतात. एकदा खांड पडली की पुढची काही वर्षं त्या शेतात भाताची काडी उगवत नाही. म्हणून प्रत्येक घराला बांधाचा एकेक तुकडा वाटून दिलेला. वैशाखात आपला तुकडा आपण लिंपायचा, आपली भोकं आपण बुजवायची.

भोकं पाडतात चिंबोऱ्या, म्हणजे आपले खाडीतले खेकडे. त्यांचं बीळ बुजवायचीही रीत होती. आधी आत हात घालायचा, अगदी खांद्यापर्यंत. चिंबोरी असली तर तिला बाहेर काढून खाडीकडे सोडायचं आणि मगच चिखल भरायचा. चिंबोरीला आत कोंडून बीळ बुजवायचं नाही. का? कुणी म्हणे पाप लागतं. कुणी म्हणे पाप कसलं, कोंडलेली चिंबोरी वाट काढायला आतून पोखरत सुटते आणि बांध पोकळ होतो. दोन्ही खरं असेल, आपल्याला काय.

या गावात गोमी राहायची. अंगानं दणकट, हाताला चपळ, तोंडानं फटकळ. नवरा पलीकडच्या तीरावर मिठागरात कामाला, तो सणासुदीला उगवायचा. घरात म्हातारी सासू, लग्नाला आलेली नणंद आणि भानी नावाची लहानगी लेक. भानी म्हणजे आईचं शेपूट. गोमी बांधावर निघाली की ही मागे. बांध निसरडा, म्हणून गोमी वळून वळून म्हणायची, "हात दे गो, हात दे." पोर हात द्यायची आणि दोघी पुढे जायच्या.

एकदा भानीला तिवरात एक रिकामी चिंबोरी सापडली. पाय, नांग्या, पाठ, सगळं जागच्या जागी आणि आत काहीच नाही. मेली म्हणून पोरीनं भोकाड पसरलं. गोमी म्हणाली, "मेली नाही गो. मोठी झाली की चिंबोरी जुनं घर टाकते आणि मऊ मऊ होऊन निघून जाते." भानी डोळे पुसून हसली. एवढं लक्षात ठेवा. मी विसरले तर आठवण करून द्या.

तर त्या वैशाखात गोमीच्या नणंदेचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्न एक वेळ चुकेल, हळद चुकायची नाही. हळदीच्या दिवशी गोमी बांधावरच होती, कारण तिच्या तुकड्यातलं एक बीळ राहिलं होतं. तिकडे घरी वाजंत्री सुरू झाली, बायकांनी हळदीची गाणी धरली, आणि इकडे भानी पदर ओढतेय, "आये, चल ना, हळद लागली." गोमीनं घाईघाईनं हात घातला. आत चिंबोरी होती. ती काही येईना. गोमीनं जोर लावला तसं तिनं बोटाला कडकडून धरलं. रक्त आलं. गोमीचं डोकं फिरलं.

"शहाणी लागून गेलीस? बस मग आतच," ती म्हणाली आणि चिखलाचा गोळा बिळात कोंबला. वरून असा तळहात फिरवला की बीळ होतं कुठे ते तिचं तिलाही सांगता येऊ नये.

"आये, ती आतच हाय," भानी म्हणाली.

"असू दे. चल."

आता पुढचं ऐका. हळदीत बायकांनी गोमीच्या हाताला हळद चोळली, तर ती टिकेना. अळवाच्या पानावरून पाणी घसरावं तशी घसरून गेली. बायका हसल्या, गोमीही हसली. दुसऱ्या दिवशी चावलेलं बोट हिरवट काळं पडलं. मग शेजारचं बोट त्याला चिकटलं, उरलेली तीन एकमेकांना चिकटली, आणि वरून कातडी कडक होत चालली. भाकरी थापायला गेली की भाकरी कापली जायची. गोमीला काही उमजेना. कापलं असतं तर दुखलं असतं, भाजलं असतं तर जळजळलं असतं. इथे दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. फक्त हात तिचा राहिला नव्हता.

वैदू म्हणाला, अंगात उष्णता झालीय. भगत म्हणाला, खाडीचं काहीतरी लागलंय, कोंबडं द्या. कोंबडं दिलं, भगतानं खाल्लं, हात होता तसाच राहिला. सासू म्हणाली, "गोमी, काही चुकलंय का गो तुझं?" तेव्हा गोमीला ते बीळ आठवलं. धावत बांधावर गेली. पण पाऊस पडून गेलेला, सगळीकडे गवत माजलेलं. इथं होतं का तिथं होतं? भानीला विचारलं, तर पोरीनं तीन जागा दाखवल्या. गोमीनं तिन्ही उकरल्या आणि परत बुजवल्या. हाताला चिखलच लागला.

आणि मग वेणीची गोष्ट घडली. गोमी नेहमीसारखी भानीची वेणी घालत होती, डाव्या हातानं केस धरून, उजव्यानं कसंबसं सावरत. तेवढ्यात कुठंतरी भांडं पडलं, गोमी दचकली, उजव्या हाताची झालेली नांगी मिटली, आणि वेणी कापून तिच्या मांडीवर पडली. भानीनं आधी वेणीकडे पाहिलं, मग आईच्या हाताकडे. ती रडलीसुद्धा नाही. उठून आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून ती आजीजवळ निजायला लागली. बांधावर गोमी म्हणायची, "हात दे गो," तर पोर हात पाठीमागे लपवायची. गोमीला हात गेल्याचं इतकं वाईट वाटलं नव्हतं जितकं याचं वाटलं.

पुढे सगळं भराभर झालं, असं म्हणतात. मी नाही म्हणत, म्हणतात. पाठ कडक झाली आणि रुंद होत गेली. बरगड्यांतून पाय फुटले. कुणी सांगतं चार, कुणी सांगतं सहा, मोजायला जवळ गेलं होतं कोण? डोळे खोबणीतून वर आले. ती सरळ दाराकडे जायला निघायची आणि भिंतीकडे पोचायची, कारण अंग आडवंच चालायचं. भरती चढायच्या आधी तिला पाण्याचा आवाज ऐकू यायचा. चिखलाचा वास गोड लागायचा. आपण आधी अशाच होतो की काय, आणि बाई असल्याचंच आपल्याला मधे वाटलं होतं, असंही तिच्या मनात येऊन जायचं.

एका सकाळी ती जागी झाली आणि समोर एक छोटंसं पाऊल दिसलं. कुणाचं आहे ते तिला आठवेना. नुसती भूक लागली. नांगी उघडलीसुद्धा. मग कुठूनतरी आठवलं, ही भानी. आपली भानी. गोमी तशीच मागच्या दारानं निघाली आणि तिवरांत शिरली, ती परत आली नाही. पोरीला आपल्यापासून काही व्हायला नको, एवढं एकच तिला त्या दिवशी धड कळत होतं.

गावात दोन तट पडले. कुणी म्हणे ती बाईच आहे, तिला घरी आणा. कुणी म्हणे ती चिंबोरी आहे, जाळी फाडते, तिला मारा. सासू बिचारी रोज बांधावर भाताचा गोळा ठेवून यायची. भानी लांब उभी राहून बघायची. भात नाहीसा व्हायचा. कोण खायचं, कावळे की गोमी, ते काही कळायचं नाही.

भादव्याची अवस आली. भर दुपारी उधाण चढलं. शेतात भात निसवलेलं, लोंब्या बाहेर आलेल्या, वर्षाचं पोट शेतात उभं. आणि बांधाला खांड पडली. कुठे पडली असेल? गोमीच्या तुकड्यात, त्याच जागी. कोंडलेल्या चिंबोरीनं आतून एवढे दिवस पोखरून बांधाची चाळण केली होती.

गाव धावलं. बांधाचं बघणारा हाशादादा सगळ्यांना हाका मारत होता. पेंढा टाकला, वाहून गेला. दगड टाकले, वाहून गेले. चिखलाचे गोळे तर पाण्यानं चिमटीतल्या मिठासारखे विरघळवले. तेवढ्यात तिवरं हलली आणि गवताच्या भाऱ्याएवढं काहीतरी आडवं आडवं धावत आलं. माणसं टोपल्या टाकून पळाली. गोमी मात्र कुणाच्या वाटेला गेली नाही. सरळ, म्हणजे आडवीच, खांडीत घुसली.

ती का घुसली ते तिलाही ठाऊक नव्हतं. पाण्याच्या त्या आवाजात तिला एक ओरबाडणं ऐकू येत होतं, बारीक, सारखं, वैशाखापासून. आत तिची नांगी एका लहानशा चिंबोरीला लागली. दमलेली, अर्धमेली, पण जिवंत. गोमीनं तिला अलगद उचललं आणि खाडीकडे सोडून दिलं. मग ती तिथेच बसली, कारण जागा तिच्या मापाची होती. तिची पाठ खांडीत चपखल बसली आणि पाणी थांबलं.

माणसं परतली. कडेनं अजून पाझरत होतं आणि उधाण चढतच होतं. हाशादादा म्हणाला, "आता चिखल घाला. भरा पटापट." लोकांनी भरायला सुरुवात केली. आत गोमीवर अंधार उतरत होता, थंडगार. तिला वाटलं, हेच आपलं बीळ. तिला आपलं नाव आठवेना, आणि न आठवल्याचं वाईटही वाटेना.

"थांबा," भानी म्हणाली. "आत कोण हाय ते बघितलं नाय तुम्ही."

हाशादादा वाकला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. "पोरी, ती तुझी आय राहिली नाय गो आता."

"मग चिंबोरी तरी हाय ना? चिंबोरी काढल्याबिगर बीळ बुजवायचं नाय."

रीत गावाचीच होती. चिखलाचे हात जागच्या जागी राहिले. भानी शेताच्या बाजूनं पालथी झाली, उरलेल्या फटीत तिनं हात घातला, खांद्यापर्यंत.

आत गोमीला काहीतरी लहान आणि ऊन ऊन लागलं. नांगी आपोआप उघडली. चावायचं की धरायचं? तिला समजेना. चिंबोरीला दोन्ही सारखंच. बाहेरून आवाज आला, "आये." हा शब्द कुठला, तेही तिला समजेना. मग आवाज आला, "हात दे."

हे मात्र तिच्या ओळखीचं होतं. निसरड्यावर म्हणतात ते. पण म्हणायची ती स्वतः, आणि हात द्यायची दुसरी कुणीतरी. तिनं नांगी मिटली, इतकी हळू मिटली की त्या कोवळ्या बोटांवर ओरखडासुद्धा उठला नाही.

"आये, जुनं घर टाक नि ये," भानी म्हणाली आणि ओढायला लागली.

नारळ फुटावा तसा आवाज झाला. पाठ चिरली. आणि त्या फटीतून, पोरीच्या हाताला धरून, गोमी बाहेर आली. आत्ता जन्मलेल्या बाळासारखी लाल, मऊ, मान धरता येत नाही अशी. सासूनं लुगडं फाडून तिला गुंडाळलं. रिकामं कवच खांडीत तसंच घट्ट राहिलं, लोकांनी त्यावर चिखल रचला, आणि उधाण हात हलवत परत गेलं. शेत वाचलं.

त्या दिवशी भानी आईजवळ निजली.

पुढे गोमी किती बरी झाली, यावर आजही भांडणं होतात. कुणी म्हणतं अगदी पहिल्यासारखी. कुणी म्हणतं उजव्या हाताला कायम दोनच बोटं राहिली. कुणी म्हणतं मरेपर्यंत आडवी चालायची आणि पाण्याचा आवाज सगळ्यांआधी ऐकायची. भानी म्हातारी झाल्यावर पोरं तिला विचारायची, आजी, तू ओढून काढलीस ती बाई होती की चिंबोरी? भानी म्हणायची, "मला आई पाहिजे होती. मी बघत बसले नाही."

ती जागा अजून आहे. गोमी आता सगळ्यांची गोमाय, म्हणून तिला गोमायची खांड म्हणतात. फावड्याचा दांडा आपटला तर आतून रिकाम्या रांजणासारखा आवाज येतो, असं म्हणतात. लग्नघरातली हळद आधी त्या खांडीला लावतात, मग नवरीला. भादव्याच्या अवसेला सगळं गाव, अगदी काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा, एकमेकांचा हात धरून बांधावरून आडवं चालतं. पाहुणे बघून हसतात. हसू देत.

आणि वैशाखात बांध लिंपायला घेतला की कितीही घाई असो, घरी वाजंत्री लागलेली का असेना, आधी बिळात हात घालतात. खांद्यापर्यंत. तोंड जवळ नेऊन म्हणतात, "गोमाय, हात दे." मग थोडं थांबतात. आतून हात आला नाही तरच चिखल भरतात.

आला तर? आला तर धरायचा, पोरांनो. बघत बसायचं नाही.