केसरशेठचे हेडफोन
गायिका हेमांगी कुलथे यांना इंदूरच्या मैफलीला जाताना बसमध्ये गुरूंच्या बंदिशी ऐकायच्या होत्या, पण बसच्या कलकलाटात बारीक जागा हरवत. म्हणून त्या केसरशेठच्या दुकानात हेडफोन घ्यायला गेल्या.

“जरा लावून बघते,” त्या म्हणाल्या.

“बघायचं काय त्यात?” शेठ तोऱ्यात म्हणाले. “हे लावले की बाहेरचा शब्द कानात शिरत नाही.”

“मग तुम्हीच लावून दाखवा.”

शेठनी हेडफोन चढवले, गाणं सुरू केलं आणि डोळे मिटून मान डोलवू लागले. हेमांगीताई हलकेच पुटपुटल्या, “समोरच्या दुकानात माल जास्त चांगला असतो.”

“कोण म्हणतं?” शेठ उसळले.

“शब्द शिरला की, शेठ,” ताई शांतपणे म्हणाल्या. “आता चांगले दाखवा.”

शेठनी मुकाट्याने आतलं कपाट उघडलं.