दोरवाला आणि दोन खेपा

नद्यांवर पूल नव्हते त्या काळची गोष्ट. एका मोठ्या नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात दोरखंडांचा एक व्यापारी राहत होता. सगळे त्याला दोरवाले शेट म्हणत. त्याच्या दोराला चार मुलखांत मागणी होती. पण गावाला त्याचं कौतुक होतं ते वेगळ्याच कारणासाठी. हा माणूस गावासाठी राबायचा.

विहिरीचा पोहरा तुटला, बोलवा शेटना. दोन भावांत बांधावरून जुंपली, बोलवा शेटना. घाटाची पायरी ढासळली, रस्त्यात झाड आडवं झालं, कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, की चालले सगळे शेटच्या दारी. आणि शेटही असे, की ताटावरून उठतील पण नाही म्हणणार नाहीत.

त्यांची सगळ्यात मोठी सेवा म्हणजे नावेचा दोर. गावची देवी नदीच्या पलीकडे. मधे खोल पाणी, ओढ जबर, आणि थोडंसं खाली गेलं की नदी थेट कड्यावरून खाली कोसळायची. म्हणून या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर ताणून बांधत. नाव त्या दोराला कडीनं अडकवलेली असे आणि नावाडी दोर धरून ओढत ओढत ती पलीकडे नेई. दोर आहे तर नाव आहे. दोर तुटला तर खाली कडा, आणि पुढचं बोलायलाच नको.

हा दोर शेट दरवर्षी पौषातल्या जत्रेला नवा करून देत, अगदी फुकट. जत्रेच्या सकाळी नवा दोर बांधला की जुन्याचे हातहातभर तुकडे करून घरोघर वाटायचे, अशी गावाची रीत होती. ते तुकडे लोक बाळाच्या पाळण्याला बांधत. शेटचा दोर पाळण्याला असला की लेकराला काही होत नाही, असं बाया म्हणत. इतका त्यांचा विश्वास.

त्या वर्षी मात्र शेटच्या हातून एक चूक झाली.

दोर होतो तागाच्या वाखाचा, म्हणजे सालीच्या धाग्यांचा. ताग कापून त्याच्या पेंढ्या डबक्यात भिजत घालतात. साल सैल झाली की लगेच बाहेर काढायच्या. चार दिवस जास्त राहिल्या की वाख आतून कुजतो. वरून धड दिसतो, पिळायला उलट मऊ लागतो, पण ताणाला टिकत नाही. त्या आठवड्यात शेट शेजारच्या गावी पाणवठ्याचं भांडण मिटवायला गेले होते. तिथून आले तर देवळाचं छप्पर. ते झालं तर पाटलाकडची बैठक. डबक्यातल्या पेंढ्या त्यांना आठवल्या तेव्हा फार उशीर झाला होता.

वाख हातात घेताच शेटना कळलं. चाळीस वर्षांचा हात तो, त्याला कळणार नाही तर कुणाला? पण जत्रा आठ दिवसांवर आली होती आणि दुसरा ताग गावात नव्हता. "जाड वळू," शेट स्वतःशीच म्हणाले, "एक पेड जास्त घालू. निभावेल." आणि त्यांनी दोर वळला. वळताना एकदाही त्यांनी बायकोच्या नजरेला नजर दिली नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. दोर बांधला गेला. पाटलानं सगळ्या गावादेखत शेटच्या डोक्याला फेटा बांधला. जुन्या दोराचे तुकडे झाले, वाटलेसुद्धा. आता मागे फिरायचं म्हटलं तरी दोर कुठून आणणार?

पहिली खेप भरली. तीस माणसं. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. नावाड्यानं दोराला हात घातला, नाव हलली. नाव मधोमध गेली तसा दोर ताणला गेला, पाण्याकडे वाकला. शेटना वाटलं, ओरडावं. पण डोक्यावरचा फेटा आठवला. नावेतल्या पोरी गाणी म्हणत होत्या. इकडे शेटच्या पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या आणि लोक म्हणत होते, "थंडीत घाम! किती धावपळ करतो हो हा माणूस आपल्यासाठी."

नाव पलीकडे लागली. शेटनी श्वास सोडला. 'गेली की! उगाच घाबरलो,' त्यांनी मनाला सांगितलं. पण मन काही ऐकेना. ते काठावरच्या खुंटापाशी गेले, सगळ्यांकडे पाठ केली आणि दोरावरून बोटं फिरवली. तुटलेले धागे बोटांना चिकटून आले. एक पेड सुटायला लागला होता.

तेवढ्यात नाव परत आली आणि दुसरी खेप निघालीसुद्धा. शेट बघत उभे राहिले. तीही पार झाली.

तिसरी खेप भरायला लागली तेव्हा शेटाणी जवळ आली. ती कधीची नवऱ्याचा चेहरा बघत होती.

"अहो, वाख कुजलाय ना?" तिनं हळूच विचारलं.

शेटनी बोटांना चिकटलेले धागे तिला दाखवले.

"मग सांगा की तसं!"

"काय सांगू? आत्ताच फेटा बांधलाय त्यांनी. उद्या माझ्या दोराला कोण हात लावेल?"

"उद्या हात लावायला माणसं तर उरू देत!" शेटाणी म्हणाली. "तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

शेटनी नावेकडे पाहिलं. एक म्हातारा पाय टाकतच होता. शेट धावले आणि त्यांनी त्याचा दंड धरला.

"उतरा! सगळे उतरा! दोर कच्चा आहे!"

गाव थांबलं. आणि मग, काय सांगू तुम्हाला, लोक हसायला लागले.

"शेट, थट्टा करताय होय!" नावाडी म्हणाला. "तुमचा दोर आणि कच्चा?"

"दमलेत ते," पाटील म्हणाला. "शेट, तुम्ही जरा सावलीत बसा बघू. चला रे, बसा नावेत, दुपार व्हायला आली."

 आजवर त्यांचं बोलणं कुणी खोटं धरलं नव्हतं, कारण ते खोटं बोललेच नव्हते. आज खरं सांगत होते तर तेही कुणी खरं धरेना! नावाडी हसत हसत दोराला हात घालतच होता. चाळीस वर्षांच्या नावलौकिकापायी लोक मरायला निघाले होते.

शेट नावेसमोर पाण्यात उतरले. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून म्हणाले, "माझ्या अंगावरून नाव न्या. नाहीतर माझं एक ऐका. काठावर याच दोराचं टोक उरलंय. घाटाची ती शिळा गेल्या साली माझ्याच दोरानं दोन बैलजोड्यांनी ओढून आणलीत. आज एकच जोडी लावा."

नाइलाजानं बैल आणले. उरलेला दोर शिळेला बांधला, दुसरं टोक जुवाला. गडी ओरडला, बैलांनी मान खाली घातली, पाय रोवले. शिळा तसूभरही हलली नाही. फाडकन आवाज झाला आणि दोर मधोमध तुटला. बैल गुडघ्यांवर आपटले.

कुणी हसलं नाही. नावेतली माणसं एकमेकांना ढकलत खाली उतरली. म्हातारा तर मटकन खालीच बसला. एका आईनं पोराला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. मग सगळ्यांनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथं साठ माणसं होती. त्यांना काही ठाऊक नव्हतं. ती तिसऱ्या खेपेला हात हलवून बोलावत होती.

पलीकडे हाका घालून निरोप गेला, नावेजवळ फिरकू नका. त्या माणसांना डोंगराच्या वाटेनं, वरच्या उतारावरून, म्हणजे नदी पायी ओलांडता येते तिथून, वळसा घालून यावं लागलं. दोन दिवसांची वाट, मधे रान, रानात वाघ. गावात दोन दिवस कुणाच्या घरी चूल धड पेटली नाही. शेट बैलगाड्या आणि भाकरी घेऊन त्यांना आणायला उतारापर्यंत गेले. देवीच्या दयेनं साठच्या साठ माणसं परत आली.

सगळ्यात शेवटी एक बाई गाडीतून उतरली. काखेत तान्हं मूल होतं. ती सरळ शेटपुढे येऊन उभी राहिली.

"शेट, एकच विचारते. मी पहिल्या खेपेला होते. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

शेटना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "होतं."

"दुसऱ्या खेपेला?"

"होतं."

बाईनं काखेतलं मूल सावरलं. "दोर कच्चा निघाला त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "वाख कुणाचाही कुजतो. पण माझं लेकरू पाण्यावर होतं आणि तुम्ही काठावर उभं राहून बघत होता."

एवढं बोलून ती घरी गेली. शेटनी फेटा काढला आणि पाटलाच्या हाती दिला.

गावानं शेटना वाळीत टाकलं नाही. शेवटी त्यांनीच तर वाचवलं होतं. शेटनी दूरच्या बाजारातून ताग आणला, नवा दोर वळला, तो सगळ्यांदेखत बैलांनी ओढून दाखवला, आणि नाव पुन्हा सुरू झाली. ते आणखी वीस वर्षं जगले, गावासाठी पूर्वीसारखेच राबले. फक्त एक फरक पडला. पूर्वी लोक शेटकडे न बघता नावेत चढत. आता प्रत्येक जण चढण्याआधी थांबायचा आणि विचारायचा, "शेट, बसू ना?" शेट दर वेळी दोराला हात लावून बघत आणि मगच "बसा" म्हणत. विचारण्यात कुणाचाच राग नसायचा. तरी त्या दोन शब्दांनी दर वेळी त्यांना त्या दोन खेपा आठवायच्या, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.

तर मंडळी, तात्पर्य इतकंच: हातून चूक होणं माफ होतं, पण ती कळल्यावर आपलं नाव जपायला आपण जितका वेळ गप्प बसतो, तेवढा वेळ विश्वासानं बसलेल्या माणसांचा जीव टांगणीला असतो.